दिवसाउजेडी पतंग: शोधायचे कसे, फोटो काढायचे कसे

पतंग बघायचे म्हणजे रात्री जंगलात पांढरा पडदा टांगायचा, दिवा लावायचा आणि जागरण करायचं, असं बहुतेकांना वाटतं. पडद्यावर एका रात्रीत खूप पतंग येतात हे खरंच, पण नवख्या माणसाला त्याचा उपयोग कमी. इतके सगळे एकदम समोर आले की एकही नीट बघून होत नाही. शिवाय जागा, परवानगी, बॅटरी, सोबत या सगळ्याची जुळवाजुळव करावी लागते. दिवसा मात्र एकेक पतंग शोधावा लागतो, आणि शोधताना तो कुठे, कसा, कोणत्या झाडावर बसतो हे आपोआप कळत जातं. म्हणून मी नवीन लोकांना आधी दिवसाच बघा असं सांगतो. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि फुलपाखरांच्या जेमतेम तेरा-चौदाशे. त्यामुळे आपल्या सोसायटीच्या आवारातसुद्धा काही ना काही सापडतंच.

दिवसा दिसणारे पतंग दोन प्रकारचे. काही जाती दिवसाच उडतात, फुलांवर येतात. बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य, रात्री उडणाऱ्या असतात आणि दिवसा कुठेतरी निपचित बसून असतात. पहिल्या गटासाठी फुलं शोधायची, दुसऱ्यासाठी भिंती, खोडं आणि पानांच्या खालच्या बाजू.

आधी हे पतंगच आहे ना?

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती होत जाते, नाहीतर पिसासारखी दातेरी असते; पिसासारख्या मिशा बहुधा नराच्या. स्किपर नावाची जाडजूड, करडी-तपकिरी फुलपाखरं सगळ्यांनाच फसवतात. त्यांच्या मिशीचं टोक आकडीसारखं वळलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. रंगावरून ठरवायला जाऊ नका, कारण दिवसा उडणारे कितीतरी पतंग फुलपाखरांपेक्षा भडक असतात. पंख मिटून उभे धरले म्हणजे फुलपाखरू आणि पसरून बसलं म्हणजे पतंग, या नियमालाही दोन्हीकडून अपवाद आहेत.

पहिली पायरी: ट्यूबलाइटखालची भिंत

सुरुवात जंगलातून नको. रात्रभर दिवा जळतो अशी एखादी फिकट रंगाची भिंत शोधा. सोसायटीचा जिना, पार्किंग, पाण्याची टाकी, देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, काहीही चालेल. गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीच्या दिव्याचा खांब आणि त्यामागचं कुंपण. घाटातली एसटी स्थानकं आणि रात्रभर उघडी असणारी चहाची टपरी तर फारच उत्तम. आंबोली किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पावसाळ्यात सकाळी स्थानकाच्या भिंतींवरून नुसती नजर फिरवली तरी तास निघून जातो.

दिवा कोणता आहे याने फरक पडतो. पतंगांना निळसर आणि अतिनील प्रकाश जास्त ओढतो. त्यामुळे पांढरी ट्यूब किंवा जुना मर्क्युरीचा दिवा असेल तिथे गर्दी, पिवळ्या सोडियमच्या दिव्याखाली शुकशुकाट. रात्र कोणती होती हेही बघा. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उकाड्याची, वारा पडलेली, मधूनच भुरभुर पाऊस झालेली रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नक्की जा. लख्ख चांदणं किंवा सोसाट्याचा वारा असेल तर झोपलात तरी हरकत नाही.

वेळ महत्त्वाची. उजाडल्यापासून साधारण आठपर्यंत. याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपल्याशी स्पर्धा करणारी. एक म्हणजे खुद्द झाडूवाले. दुसरं म्हणजे पक्षी: दयाळ, बुलबुल, साळुंक्या, कावळे यांना दिव्याखाली नाश्ता मिळतो हे पक्कं ठाऊक असतं आणि ते आपल्या आधी हजर असतात. जमिनीवर नुसते पंख पडलेले दिसले तर तेही उचलून बघा. अंग पक्ष्याने किंवा पालीने खाल्लेलं असतं, पण पंखांवरून ओळख पटू शकते आणि फोटोसाठी ते पळूनही जात नाहीत.

वॉचमनशी आणि सफाई करणाऱ्या मावशींशी ओळख ठेवा. सगळ्यात मोठे पतंग त्यांनीच पाहिलेले असतात. आणि भिंत दुसऱ्याच्या घराची असेल तर आधी विचारा. "काका, तुमच्या भिंतीवर एक पतंग बसलाय, फोटो काढू का?" एवढं म्हटलं की लोक हसतात, बघायला येतात आणि पुढच्या वेळी स्वतःच हाक मारतात. न विचारता सकाळी साडेसहाला कुणाच्या खिडकीशेजारी कॅमेरा रोखून उभं राहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

बसण्याची ढब ओळखा

नवख्या माणसाने जातींची नावं पाठ करण्यापेक्षा बसण्याच्या ढबी शिकाव्यात. त्याने कुळापर्यंत तरी पोहोचता येतं.

चारही पंख सपाट पसरून भिंतीला चिकटल्यासारखा बसलेला, पातळ अंगाचा पतंग बहुधा जिओमेट्रिडी कुळातला. याच्या अळ्या कमान करून चालतात. जाड अंगाचा, पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते ठेवणारा असेल तर नॉक्टुइडी किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी. घाटेअळीचा आणि लष्करी अळीचा पतंग याच घराण्यातले. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली आली. आज मक्याच्या शेताजवळच्या दिव्यांखाली तिचे पतंग सहज दिसतात आणि शेतकऱ्याला त्यांची ओळख असणं कामाचं आहे. लांब, अरुंद, टोकदार पंख मागे तिरके ओढलेले आणि अंग भरीव असेल तर तो हॉकमॉथ. पुढचे केसाळ पाय पुढे ताणून बसला असेल तर टसॉक मॉथ, ज्याच्या अळ्यांना आपण सुरवंट म्हणतो त्यांपैकी एक. आणि भिंतीवर इंग्रजी टी अक्षर काढल्यासारखं काही बारीकसं दिसलं, तर तो प्लूम मॉथ. पंख गुंडाळून आडवे धरतो, म्हणून पहिल्यांदा वाळकी काडीच वाटते.

काही मात्र ढबीवरूनही सापडत नाहीत. पक्ष्याची विष्ठा, सालीचा तुकडा, शेवाळ, कुजकं पान यांची नक्कल करणारे पतंग असतात. भिंतीवरच्या विष्ठेला दोन समान बाजू असतील तर जवळ जाऊन बघा.

दुसरी पायरी: फुलांवर येणारे

भिंत सकाळी आठला संपते. ऊन वर आलं की फुलांकडे वळायचं.

सगळ्यात आधी दिसेल तो मॅक्रोग्लॉसम, म्हणजे हमिंगबर्ड हॉकमॉथ. करडा-तपकिरी, मागच्या पंखावर पिवळा-नारिंगी पट्टा, शेपटीकडे केसांचा झुपका. फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पितो. दर पावसाळ्यात कुणीतरी "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला" असा व्हिडिओ पाठवतं. भारतात हमिंगबर्ड नाहीतच. तो हाच असतो. सदाफुली, घाणेरी, पेंटास, डोंगरावर तेरडा अशा बारीक नळीच्या किंवा शेंडीच्या फुलांवर बघा. सकाळी, ढगाळ दुपारी आणि संध्याकाळी उन्हं उतरताना तो जास्त येतो. एका ताटव्यावर आला की पुन्हा येण्याची शक्यता असते, म्हणून त्याच्या मागे धावण्याऐवजी तिथेच थांबलेलं बरं.

त्याचाच भाऊ सेफोनोडिस हायलास. हिरवट-पिवळं अंग, काचेसारखे आरपार पंख, लांबून भुंगाच वाटतो. कोशातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर करडे खवले असतात आणि पहिल्या भरारीतच ते झडून जातात. अंगणात अनंताचं झाड असेल तर पानांवर अळ्या शोधा. शेपटीवर एकच शिंग असलेली अळी दिसली तर यजमानपद तुमच्याकडेच आहे.

गांधीलमाशीची नक्कल करणारे अमाटा आणि सिंटोमॉइडिस हे नवशिक्यांसाठी मला सर्वांत योग्य वाटतात. काळे, अंगावर पिवळे पट्टे, पंखांत पारदर्शक खिडक्या. भडक रंगामुळे पक्षी वाट्याला जात नाहीत, त्यामुळे यांना कसली घाई नसते. कमरेएवढ्या उंचीच्या झुडपांवर उन्हात निवांत बसतात, उडाले तर दोन-तीन फुटांवर पुन्हा बसतात. जोडी जमलेली असेल तर बराच वेळ हलतही नाहीत. फोकस, उजेड, कोन हे सगळं याच्यावर शिकून घ्या.

माळरानावर किंवा तागाच्या शेतात गेलात तर उटेथेइसा बघा: पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा, इवलासा. त्याच्या अळ्या ताग आणि खुळखुळ्याच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. या झाडांतलं विषारी द्रव्य त्या अंगात साठवतात आणि ते पुढे पतंगातही उतरतं. पायाशी गवतातून उडतो, थोडं अंतर जाऊन खाली शिरतो. तुमची सावली पडली की पुन्हा उडतो.

घाटातल्या आणि गोव्याकडच्या सदाहरित जंगलात डिस्फेनिया हा निळसर-पिवळा, मोठा पतंग भर दिवसा संथपणे उडताना दिसतो आणि जवळपास प्रत्येक जण त्याला फुलपाखरू म्हणूनच नोंदवतो. मिशा बघायच्या, हे आलंच.

तिसरी पायरी: झाडाझुडपांत दडलेले

हा भाग चिकाटीचा आहे. नियम एकच, झाड ओळखा म्हणजे पतंग सापडेल. उंबराखालच्या झुडपांत चालताना नारिंगी अंगाचा एखादा पतंग भर्रकन उठला तर तो असोटा असण्याची शक्यता मोठी. कण्हेरीवर किंवा तगरीवर ओलिअँडर हॉकमॉथच्या डोळ्यासारखे निळे ठिपके असलेल्या हिरव्या अळ्या असतात. मोठा पतंगही हिरव्या-गुलाबी नक्षीचा, पानांत बसला की हाताच्या अंतरावर असून दिसत नाही. एरंडावर उंटअळी दिसली तर जवळपास तिचा तपकिरी पतंग असतो. मागचे काळे-पांढरे पंख तो उडताना दाखवतो, बसला की झाकून टाकतो. परसातल्या माठ-तांदुळजाच्या वाफ्यात पाय हलवला की तपकिरी रंगावर पांढऱ्या पट्ट्यांचे बारीक पतंग उठतात, ते स्पोलाडिया. पुढच्या पानाच्या खाली जाऊन उलटे लटकतात, म्हणून ते कुठे उतरले यावरून नजर काढायची नाही.

गुळवेल चढलेली कुंपणं मला फार आवडतात. फळातील रस शोषणाऱ्या पतंगांच्या, म्हणजे युडोसिमाच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. पतंग रात्री संत्रा-मोसंबीच्या बागेत जाऊन सोंडेने फळाला भोक पाडतो, आणि फळगळीने हैराण झालेला बागायतदार दिवसा त्याला शोधत असतो. दिवसा तो वाळक्या पानात बसलेला असतो. पुढचे पंख हुबेहूब पान, मागचे झळझळीत नारिंगी.

पानं उलटी करून बघू नका. खिशात छोटा आरसा ठेवा आणि पानाखाली धरा. अर्ध्याहून जास्त वेळा पतंग जागचा हलत नाही. पावसाळ्यात हात झुडपात घालायचाच नाही याला आणखीही कारण आहे. आंबोलीकडे त्याच उंचीच्या फांद्यांवर चापडा हा विषारी साप बसतो, कोकणात दगडाआड फुरसं असतं, आणि सुरवंटाचे केस टोचले तर खाज सुटते ती दिवसभर पुरते. पूर्ण पँट, बूट आणि जळवांसाठी तंबाखूची पुडी किंवा मीठ.

मोठा ॲटलास दिसणं हा नशिबाचा भाग. पंखांचा विस्तार जवळपास २४ सेंटिमीटर. कोशातून निघालेला पतंग पंख वाळवत दिवसभर एकाच फांदीला लटकून राहतो, त्यामुळे तो दिसला की साऱ्या गावाला दिसतो आणि "दुर्मीळ फुलपाखरू आढळले" अशी बातमी येते. तो फुलपाखरू नाही, आणि पश्चिम घाटात तितका दुर्मीळही नाही. त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगतो. म्हणून त्याला हातावर घेऊन, उडवून, सगळ्यांसोबत फोटो काढून दमवू नका. त्याची शिल्लक मोजकी आहे.

कॅमेरा

फोन पुरतो. भिंतीवरच्या पतंगासाठी तर मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फोनच सोयीचा. क्लिपचं मॅक्रो भिंग लावलं तर बारीक जातीही येतात. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिमीचं मॅक्रो भिंग घ्या, पण महिनाभर फोनवर फिरल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

दिसल्याबरोबर जवळ जायचं नाही. आहे तिथूनच एक फोटो काढायचा, कसाही येवो. मग दोन पावलं पुढे, दुसरा फोटो. मग आणखी. उडाला तरी ओळखीपुरतं हातात काहीतरी राहतं. आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने जा. किल्ल्यांचा जुडगा बॅगेत टाका: वटवाघळांपासून वाचण्यासाठी अनेक पतंगांना अतिउच्च आवाज ऐकणारे कान असतात आणि किल्ल्यांच्या खुळखुळाटात तसे आवाज असतात. बसलेला पतंग पंख थरथरवायला लागला तर तो उडण्याआधी स्नायू तापवतोय. शेवटचा फोटो घ्या आणि मागे व्हा.

तीन कोन हवेत. वरून, फोन पंखांना समांतर धरून, म्हणजे चारही कडा स्पष्ट येतात. बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर, मिशा आणि पाय दिसतील असा. आणि जमलं तर खालून. काचेवर बसलेला पतंग यासाठी उत्तम. मागचे पंख झाकलेले असतील तर ते उघडण्यासाठी काडीने डिवचायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवून गारठवून फोटो काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा फसतो. एवढा पांढरा रंग बघून तो फोटो काळसर करतो. एक्स्पोजर थोडं वाढवा, +०.७ ते +१. काळ्या खोडावर उलट, थोडं कमी करा. फोनवर पतंगावर बोट टेकवलं की शेजारी उजेडाची सरकपट्टी येते, तीच वापरायची.

कॅमेरा वापरत असाल तर बसलेल्या पतंगासाठी भिंगाचं छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि हाताने धरलं असेल तर शटरचा वेग सेकंदाचा किमान दोनशेवा भाग. हॉकमॉथ पंख फडकवत असताना किमान दोन हजारावा भाग लागतो, आणि तरीही पंखांची टोकं पुसट येतात. ती आलेलीच बरी दिसतात असं माझं मत. त्याच्या मागे कॅमेरा फिरवायचा नाही. तो ज्या फुलाकडे येणार वाटतं त्यावर आधीच फोकस लावून ठेवा आणि तो आला की सलग फोटो सोडा. फ्लॅश वापरणार असाल तर समोर बटर पेपर लावा, नाहीतर खवले चमकून नक्षीच जाते. भर उन्हात सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे छत्री. ती धरली की कडक सावल्या जातात, पावसात कॅमेराही वाचतो.

आकाराचा अंदाज यावा म्हणून एका फोटोत शेजारी बोट किंवा पेन येऊ द्या, न टेकवता. टाइल असेल तर टाइलची रुंदी नंतर मोजता येते.

नाव लावताना

प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, गाव आणि कशावर बसला होता हे तिथल्या तिथे लिहा. फुलावर होता की पानावर, झाड कोणतं, जवळ अळी होती का. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावरच्या फोटोंशी ताडून बघा. ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. दुसऱ्या खंडातली जात ते बिनदिक्कत सुचवतं. सुचवलेली जात भारतात, आपल्या भागात नोंदलेली आहे का ते आधी बघायचं. कितीतरी पतंग नुसत्या फोटोवरून जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, त्यासाठी जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. अशा वेळी "मॅक्रोग्लॉसम, जात अनिश्चित" हीच योग्य नोंद. आणि नमुना म्हणून पकडून न्यायचा मोह झाला तर थांबा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पतंगही उचलणं गुन्हा आहे.

हंगाम जूनच्या पहिल्या सरींपासून सुरू होतो, जुलै ते ऑक्टोबर भरात असतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम आता आपल्याकडेही चालतो आणि त्या दिवसांत टाकलेल्या नोंदींकडे जाणकार आवर्जून बघतात. ज्याचं नाव महिनोन्‌महिने लागलेलं नाही असा एखादा फोटो असेल, तर तो तोवर राखून ठेवा.